मजकूर ट्रकाची कैफियत

टिकाऊपणाविषयी मनुष्यप्राण्याला जी विलक्षण आसक्ती आहे, तिचे समग्र वर्णन आजवर कोणत्याही ग्रंथकाराने केल्याचे माझ्या पाहण्यात नाही. आपले दात, आपले केस, आपली वचने आणि पाडव्याला केलेले आपले संकल्प हे सारे अल्पायुषी आहेत याबद्दल ज्याची तिळमात्र तक्रार नसते, तोच गृहस्थ छत्रीची एक काडी वाकली की दुकानदाराशी हुज्जत घालण्यासाठी भर पावसात अर्धे पुणे तुडवीत जातो, आणि ‘चार पैसे जास्त घ्या, पण वस्तू मजबूत द्या’ असे उच्चारताना त्याच्या मुखावर दानशूराचे तेज फाकते. माझ्या ठायी या व्याधीने जो उग्र अवतार धारण केला, त्याला निमित्त झाले ते दोन प्लास्टिकचे शाफ्ट, प्रत्येकी वीतभरही लांब नसलेले, आणि ज्याची मागची चाके ते फिरवीत होते तो रेडिओच्या लहरींवर चालणारा एक ट्रक.

हा ट्रक मी भाच्यासाठी घेतला, ही गोष्ट आताच नमूद करून ठेवणे इष्ट, कारण पुढील मजकुरात भाच्याचा उल्लेख विरळाच येणार आहे. प्रौढ पुरुषाने खेळणे विकत घ्यावयाचे तर त्यासाठी घरात एखादे अल्पवयीन मूल असावे लागते, आणि ते नसल्यास निकटच्या आप्तांकडून उसने आणावे लागते, असा सार्वत्रिक रिवाज आहे. जपानातील शिझुओका येथील तामिया कंपनीने १९७६ साली पोर्श ९३४ या मोटारीची रेडिओवर चालणारी प्रतिकृती विक्रीस काढली, तेव्हापासून आजतागायत किती बापांनी, काकांनी आणि मामांनी आपली हौस बालकांच्या खाती खर्ची टाकली असेल, याची मोजदाद चित्रगुप्ताच्या दप्तरीच काय ती सापडेल. माझ्या भाच्याने ट्रक उलटसुलट करून पाहिला, ‘छान आहे, मामा’ असे म्हटले आणि तो पुन्हा आपल्या पुस्तकात डोके खुपसून बसला. रिमोट माझ्या हाती राहिला तो अशा रीतीने, निव्वळ परिस्थितीच्या रेट्याने.

अनभिज्ञांसाठी सांगावयास हवे की रिमोटच्या गाड्यांत दोन जाती आहेत. पहिली जत्रेत मिळते. तिची शोकांतिका दुसऱ्या दिवशी सायंकाळपर्यंत आटोपते आणि घरातील शांतता पूर्ववत होते. दुसरी हौशी लोकांची. तिचा प्रत्येक स्क्रू, प्रत्येक दातेरी चक्र आणि प्रत्येक बेअरिंग सुटे विकत मिळते, आणि म्हणून तिची शोकांतिका कधीच संपत नाही. आमचा ट्रक दुसऱ्या जातीचा होता: खऱ्याच्या एक दशांश आकाराचा, वजनाने सुमारे अडीच किलो, पोटात ब्रशलेस मोटर. या मोटरीला दोन सेलांची, म्हणजे ७.४ व्होल्टची लिथियम-पॉलिमर बॅटरी पुरेशी आहे असे माहितीपुस्तिकेत म्हटले होते, आणि तीन सेलांची, म्हणजे ११.१ व्होल्टची, चालेल असेही त्याच पुस्तिकेत बारीक टाइपात म्हटले होते. ‘पुरेशी आहे’ आणि ‘चालेल’ यांपैकी कोणता पर्याय सुज्ञ मराठी माणूस पत्करतो हे मी सांगावयास नको; लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढणाऱ्यांना ते पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे.

तेव्हा एका रविवारी सकाळी तीन सेलांची बॅटरी लावून मी ट्रक घेऊन कोथरूडच्या बाजूने टेकडीवर गेलो. १९६६ साली स्थापन झालेली, खऱ्याखुऱ्या मोटारींची कसोटी घेणारी संशोधन संस्था या टेकडीवर आहे आणि तिच्यावरूनच पुणेकर या भागाला एआरएआय टेकडी म्हणतात. सबब माझ्या ट्रकाच्या परीक्षेस याहून समर्पक स्थान पृथ्वीतलावर नव्हते. तेथे सकाळी फिरावयास येणाऱ्या सेवानिवृत्त मंडळींचा एक अघोषित परीक्षक मंडळ म्हणून उपयोग होतो, तो वेगळा. मुरमाच्या एका उंचवट्यावरून ट्रकाने झेप घेतली, हवेत असताना त्याची मागची चाके किंकाळी फोडून फिरली, तो चारी चाकांवर आदळला, पुन्हा उसळला आणि मग उजव्या चाकाने सहकार्य करण्याचे नाकारल्यामुळे उजवीकडे एक लहानसे वर्तुळ काढून थांबला.

शाफ्ट काढून पाहिला. तो दोन भागांचा असतो: एक नळी आणि तिच्या आत सरकणारी दांडी. दातांची पेटी जागची हलत नाही आणि चाक तर खड्ड्याखड्ड्याला वरखाली होते, म्हणून शाफ्टाला दोन्ही टोकांशी मान वळवता आली पाहिजे आणि गरजेप्रमाणे लांबीत थोडे कमीजास्त होता आले पाहिजे, अशी ही मोठी नम्र योजना आहे. आता त्या नळीच्या अंगावरचे सरळ कंगोरे तिरपे होऊन तिच्याभोवती अर्धा फेरा फिरले होते, पिळाच्या जागी काळे प्लास्टिक पांढरट पडले होते, आणि आतली दांडी ओढू गेलो तर ती अर्ध्यावर येऊन अडून बसली. मी ती परीक्षक मंडळापुढे धरली.

मंडळात आमच्याच सोसायटीत राहणारे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक कार्यकारी अभियंता होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून नळी न्याहाळली.

“उडी मारताना हवेत रेस देता?”

“देतो.”

“का?”

या प्रश्नाला उत्तर असते तर मनुष्यजातीचा इतिहास वेगळा झाला असता. अभियंतासाहेब शांतपणे पुढे म्हणाले, “हवेत चाके मोकळी असतात, ती वाटेल तेवढी फिरतात. जमीन लागली की क्षणात त्यांना लगाम बसतो, पण तुमची मोटर फिरतच असते. मधल्यामध्ये त्या शाफ्टाने करायचे काय? हवेत असताना बोट काढत जा. शाफ्टाला काही व्हायचे नाही.”

हा सल्ला अचूक होता, सोपा होता आणि त्याला एक छदामही खर्च नव्हता. ज्या उपायाला खर्च नाही त्या उपायावर गृहस्थाश्रमी माणसाची श्रद्धा बसत नाही. वैद्याने ‘रात्री कमी जेवा’ एवढेच सांगून परत पाठविले तर आपण दुसरा वैद्य पाहतो. तद्वत मी घरी आलो आणि पोलादी शाफ्टांचा तपास सुरू केला.

सौभाग्यवतींनी माझ्या हातातील पिळलेली नळी पाहिली आणि स्वयंपाकघरातील अनुभवाच्या आधारे आपले मत दिले. “अहो, मिक्सरच्या भांड्याखाली तो छोटा कपलर असतो ना, तो झिजतो म्हणून मोटर राहते. पंधरा-वीस रुपयांत नवा मिळतो. हेही तसलेच काहीतरी असेल.”

“हे तसले नाही,” मी म्हणालो. का नाही, ते मी सांगितले नाही, आणि त्यांनीही विचारले नाही. विवाहास बरीच वर्षे झाली की अशा ठिकाणी संभाषण आपोआप तहकूब होते.

शिवाय माझ्या बाजूने इतिहास उभा होता. अमेरिकेत मिसूरी राज्यात, सेंट लुइसच्या परिसरात, बॉब चँडलर नावाच्या गृहस्थाने १९७४ सालचा एक फोर्ड एफ-२५० पिकअप घेतला आणि तो इतक्या उत्साहाने दामटला की त्याचे एक्सल तुटू लागले. वारंवार तुटणाऱ्या एक्सलांचे मूळ गाडीत नसून मालकाच्या जड पायात आहे असे त्याच्याच माणसांचे मत होते, आणि म्हणून त्या गाडीचे नाव पडले ‘बिगफूट’. चँडलरने पाय हलका केला काय? छे. त्याने अधिक जाड एक्सल घातले. जाड एक्सलांना मोठी चाके शोभली. मोठ्या चाकांच्या भाराने ते एक्सल तुटले, तेव्हा त्याने लष्करी ट्रकांचे एक्सल आणून बसविले, आणि त्यांना आणखी मोठी चाके लावली. आणि अखेर १९८१ साली एका शेतात दोन जुन्या मोटारी ठेवून त्यांच्या टपांवरून हे धूड चालवून दाखविले. ज्याला आज ‘मॉन्स्टर ट्रक’ म्हणतात तो सबंध पंथ असा एका माणसाने पाय उचलण्यास दिलेल्या नकारातून जन्मला. पुढे तामियाने १९८६ साली ‘ब्लॅकफूट’ नावाचा मोठ्या चाकांचा ट्रक काढून ती परंपरा दिवाणखान्यापर्यंत आणून पोचवली. एवढ्या थोर परंपरेपुढे पाटबंधारे खात्याचा सल्ला आणि मिक्सरचा कपलर यांची काय प्राज्ञा?

पोलादी शाफ्टाला टोकाशी एक लहानसा सांधा असतो, ज्याला आपल्याकडचे गॅरेजवाले ‘क्रॉस’ म्हणतात आणि युरोपात ज्याच्याशी सोळाव्या शतकातील कार्दानो या इटालियन वैद्याचे नाव जोडलेले आहे. हा कार्दानो वैद्य होता, गणिती होता, ज्योतिषी होता आणि अट्टल जुगारी होता, तेव्हा त्याच्या नावाच्या सांध्यावर किती भरवसा टाकावा हा प्रश्न मला त्याच वेळी पडावयास हवा होता. पुढच्या शतकात रॉबर्ट हूक या इंग्रज पंडिताने आकाशनिरीक्षणाच्या यंत्रांच्या संदर्भात त्याचे वर्णन केले. या सांध्याची एक गंमत अशी की शाफ्ट वाकडा असताना एका बाजूने अगदी एकसारखे फिरवले तरी दुसरी बाजू प्रत्येक फेऱ्यात दोनदा घाई करते आणि दोनदा रेंगाळते. जुन्या कचेऱ्यांतील कारकुनांना हे वर्तन अपरिचित नाही. ही खोड घालविण्यासाठी पुढे निराळे सांधे निघाले. पण हौशी लोक जिला ‘सीव्हीडी’ म्हणून, म्हणजे समगतीने फिरणारी म्हणून, चढ्या भावाने घेतात, तिच्यात बहुधा एका टोकाला हा जुनाच क्रॉस आणि दुसऱ्या टोकाला आडवी खिट्टी एवढाच ऐवज असतो. नावात समगती, अंतरी कार्दानो.

शाफ्ट परदेशातून मागवावे लागले. यथावकाश कुरिअर कंपनीच्या एका कार्यालयातून एका अत्यंत मृदुभाषी मुलीचा फोन आला.

“सर, तुमच्या पार्सलमध्ये काय आहे?”

“शाफ्ट आहेत.”

“कशाचे?”

“ट्रकचे.”

“ट्रकचा नंबर सांगता का?”

“नंबर नाही त्याला.”

“नवीन आहे का, सर? अजून पासिंग व्हायचंय?”

आता या ठिकाणी ‘बाई, ते खेळणे आहे’ एवढे बोललो असतो तर प्रकरण मिटले असते. परंतु ‘खेळणे’ हा शब्द जिभेवर येऊन परत फिरला, कारण अडीच किलोच्या पोलादी-शाफ्टयुक्त यंत्राला खेळणे म्हणणे माझ्या स्वाभिमानास झेपेना. शिवाय त्यात आर्थिक धोकाही होता. खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर नेण्यात आले होते आणि २०२३ मध्ये ते ७० टक्के झाले होते. म्हणजे खेळणे म्हणावे तर मान जाते आणि धनही जाते. वाहन म्हणावे तर नंबर द्यावा लागतो. मी बराच वेळ ‘प्रतिकृती’, ‘अभियांत्रिकी नमुना’, ‘छंदोपयोगी साहित्य’ असे शब्द वापरून पाहिले. त्या मुलीने ते सर्व आदरपूर्वक ऐकून घेतले आणि फॉर्मवर ‘टॉय पार्ट्स’ असे लिहिले. ‘वापराचा हेतू’ या रकान्यात काय लिहू असे तिने विचारले, तेव्हा मी ‘भाच्याचा सर्वांगीण विकास’ असे सांगितले. भरणा केलेली रक्कम मी कोणासही सांगितलेली नाही. घरात विचारणा झाली तेव्हा मी शाफ्टांची मूळ किंमत डॉलरमध्ये सांगितली. डॉलरमधले आकडे कानाला लहान लागतात.

शाफ्ट आले. काळेभोर, तेल लावलेले, हातात घेतले की वजन जाणवावे असे. ते बसविण्यास मी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसलो, आणि पहिल्याच दहा मिनिटांत असे निदर्शनास आले की जुन्या शाफ्टाचा चाकाकडचा आस ५ मिलिमीटरचा होता आणि नव्याचा ६ मिलिमीटरचा आहे. सबब बेअरिंग नवी पाहिजेत. नवी बेअरिंग बाहेरूनही किंचित मोठी असल्यामुळे ती ज्यात बसतात ती बैठक जुनी चालणार नाही, आणि बैठक बदलायचीच तर प्लास्टिकची कशाला, ॲल्युमिनियमची घ्यावी, असे वर्तमानपत्रानेही सुचविले असते. पुन्हा पार्सल, पुन्हा ती मृदुभाषी मुलगी. आता तिला माझा आवाज ओळखू येऊ लागला होता आणि ती फोनवर प्रथम भाच्याची खुशाली विचारी.

सर्व सामग्री जमल्यावर जो यज्ञ झाला त्याचे साद्यंत वर्णन करीत नाही. क्रॉसच्या मधोमध एक पिन असते आणि ती निसटू नये म्हणून तिला अडवून धरणारा एक बिनडोक्याचा ग्रब स्क्रू असतो, जो दीड मिलिमीटरच्या अ‍ॅलन-कीने पिळावयाचा. ही की इतकी बारीक की बोटांनी धरली तर दिसत नाही आणि दिसेल अशी धरली तर फिरत नाही. स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांवर निळ्या द्रावणाचा एक थेंब, एकच थेंब, सोडावयाचा असतो. माझा एक थेंब स्क्रूवर पडला आणि त्याचा धाकटा भाऊ ओघळून बेअरिंगमध्ये शिरला. बेअरिंग सकाळपर्यंत समाधी लावून बसले. पिन मात्र त्याच वेळी फरशीवर पडून टणत्कार करीत फ्रिजखाली गेली. फ्रिज सरकविण्यात आला. पिन मिळाली नाही. सौभाग्यवतींची हरवलेली एक कर्णकुडी, भाच्याच्या आईचे बालपणीचे एक नाणे आणि एका विद्युत बिलाची स्मरणसूचना एवढा मुद्देमाल मात्र हस्तगत झाला. कर्णकुडीमुळे त्या दिवशीचा पोलादी शाफ्टांचा खर्च घरात मंजूर झाला, हे कबूल केले पाहिजे.

पुढच्या रविवारी टेकडीवर ट्रक पुन्हा हवेत उडाला, मी हवेत पुन्हा रेस दिली, ट्रक आदळला, आणि शाफ्ट हूं की चूं न करता शाबूत राहिले. मी परीक्षक मंडळाकडे विजयी मुद्रेने पाहिले. मग ट्रकाकडे पाहिले, तर मोटर गात होती आणि ट्रक ऐकत होता. एकही चाक फिरत नव्हते. पेटी खोलल्यावर आतील डिफरेंशियलच्या चक्रांचे दाते भुगा होऊन ग्रीसमध्ये कालवलेले आढळले. अभियंतासाहेबांनी तो भुगा चिमटीत घेऊन बोटांवर चोळला आणि सहानुभूतीने मान हलविली. “शाफ्ट मात्र उत्तम आहेत हो,” ते म्हणाले.

येथून पुढचा प्रवास बॉब चँडलरच्या पावलावर पाऊल टाकूनच झाला. डिफरेंशियल पोलादाचे घातले, तेव्हा मोटरीशेजारचे प्लास्टिकचे मोठे चक्र दाढी केल्यासारखे गुळगुळीत झाले. ते चक्र पोलादाचे घातले, तेव्हा ट्रक जात्यासारखा घरघरू लागला आणि त्यापलीकडे स्लिपर क्लच नावाचा एक भाग माझ्या नजरेस आला. या भागाचे काम असे की फार झटका बसला की त्याने किंचित सरकावे आणि पुढचा अनर्थ टाळावा. म्हणजे ऐन प्रसंगी जागा सोडणे हेच ज्याचे कर्तव्य, असा कर्मचारी कोणता मालक खपवून घेईल? मी त्याचा नट शेवटच्या आट्यापर्यंत आवळला. त्याने जागा सोडण्याचे बंद केले, तेव्हा मोटरीचाच शाफ्ट वाकला.

प्रत्येक वेळी तुटलेली वस्तू मागच्या वस्तूहून महाग होती, हे एव्हाना घरातील जमाखर्चाच्या वहीवरून स्पष्ट होऊ लागले होते, म्हणून ती वही मी स्वतःच लिहावयास घेतली.

मोटरीवरचे दातेरी चक्र घट्ट बसलेले निघेना, तेव्हा ते काढून घेण्यासाठी मी कात्रजच्या अलीकडे मोठ्या ट्रकांच्या एका गॅरेजात गेलो. तेथील वस्ताद एका दहा चाकी ट्रकाखाली उताणे पडले होते. बाहेर येऊन त्यांनी हात फडक्याला पुसले, माझा ट्रक तळहातावर घेतला आणि मागचे चाक दोन बोटांनी पुढेमागे करून क्रॉसमधला प्ले पाहिला.

“हा तर आपला क्रॉस! प्ले येतोय, साहेब. कोणी लोखंडी शाफ्ट टाकायला सांगितलं?”

“मीच.”

वस्तादांनी दुःखाने एक सुस्कारा सोडला. “मोठ्या गाडीचा एक्सल तुटला तर आम्ही रस्त्यातच फ्लँजचे नट खोलतो, तुटका ओढून काढतो, दुसरा सारतो. चाक काढावं लागत नाही, कारण वजन हाऊसिंगवर, एक्सलला नुसतं फिरायचं काम. गाडी लगेच लायनीला. पण क्राउन-पिनियन गेलं, तर ड्रायव्हर तीन दिवस ढाब्यावर आणि माल खोळंबून. काहीतरी तुटायचंच असतं, साहेब. मग स्वस्तातलं तुटू द्या की.”

हे तत्त्वज्ञान सांगून झाल्यावर त्यांनी रिमोट मागितला. पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो: गॅरेजातील सर्व कामकाज बंद पडले, पोऱ्यांनी ऑइलच्या डब्यांची रांग लावली, दोन फळ्यांचा चढ बांधण्यात आला, आणि ज्याचा दहा चाकी ट्रक उघडा पडला होता तो चालक प्रथम ‘वस्ताद, माझी गाडी?’ असे विचारीत उभा राहिला आणि नंतर रांगेत उभा राहिला. फळीवरून उडताना वस्तादांनी हवेत सणसणीत रेस दिली. मी काही बोललो नाही.

तोवर ट्रक खरोखर मजबूत झाला होता. त्याचे वजन वाढले होते आणि वेग घटला होता, उडी तर पूर्वीच्या निम्मीही जात नसे. पण आता त्यात तुटण्याजोगे असे काही उरलेच नव्हते. म्हणून सोसायटीच्या आवारात एका सायंकाळी तो ‘ब’ इमारतीच्या कोपऱ्यावर आदळला तेव्हा ट्रकाला ओरखडाही आला नाही आणि गच्चीवरून येणाऱ्या पावसाळी पाइपचा प्लास्टिकचा एल्बो मात्र दुभंगला. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या चिटणिसांची नोटीस हातात पडली. चिटणीस तहसील कचेरीतून निवृत्त झालेले असल्यामुळे त्यांचा मसुदा अजूनही जुन्या वळणाचा असतो: ‘सबब आपणांस कळविण्यात येते की, आपले ताब्यातील मजकूर ट्रक आपण भरधाव वेगाने व हयगयीने हाकारल्याकारणे सोसायटीचे मालकीचे पावसाळी नळाचे कोपर जाया झाले असून, सदरहू नुकसानीचा भरणा मुदतीत करून आपली लेखी कैफियत कार्यकारी समितीसमोर रुजू करावी, कसूर झाल्यास योग्य ती तजवीज करण्यात येईल.’

मी कैफियत लिहिली. तीत कार्दानोचा उल्लेख केला, चँडलरचा केला, आणि ट्रक भाच्याच्या मालकीचा असल्याचे अधोरेखित केले. समितीच्या बैठकीत ती वाचून दाखविण्यात आली. भाचा सध्या कोठे आहे, असे एका सभासदाने विचारले. तो आपल्या घरी, नाशिकला, अभ्यास करीत आहे असे मी सांगितल्यावर समितीत क्षणभर शांतता पसरली. मग अभियंतासाहेब उभे राहिले.

“एल्बो प्लास्टिकचा होता म्हणून तो तुटला आणि भिंत वाचली,” ते म्हणाले. “पण प्रत्येक वेळी सोसायटीनेच का तुटावे? ट्रकात पूर्वी कमजोर शाफ्ट होते, तेव्हा ट्रक दोन धडकांत आपोआप बंद पडत असे आणि कोणाचे काही बिघडत नसे. माझी अशी सूचना आहे की, मजकूर ट्रकास आवारात वावरावयाचे तर मूळचे प्लास्टिकचेच शाफ्ट बसविण्यात यावेत.”

चिटणिसांनी अनुमोदन दिले. ठराव सर्वानुमते मंजूर झाला आणि त्यात माझाही हात वर होता. कार्यवृत्तात ‘पोलादी शाफ्टांस आवारात मज्जाव’ असे लिहून त्याखाली सही-शिक्का झाला. या विषयावर ठराव करणारी ही महाराष्ट्रातील पहिलीच सहकारी गृहरचना संस्था असावी, असे मला वाटते. दावा मात्र करीत नाही.

प्लास्टिकचे शाफ्ट पुन्हा मागवावे लागले. मृदुभाषी मुलीला आनंद झाला. “सर, यावेळी प्लास्टिकचे का? लोखंडाचे टिकले नाहीत?” असे तिने विचारले. ते टिकले म्हणूनच, असे सांगितल्यावर ती थोडा वेळ काही बोलली नाही.

ज्या सायंकाळी मी नवे प्लास्टिकचे शाफ्ट घालून जिन्याने खाली उतरत होतो, त्याच वेळी अभियंतासाहेब वर येत होते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांनी मला थांबविले, मागे-पुढे पाहिले आणि आवाज खाली आणला.

“ते पोलादी शाफ्ट... आता तुमच्या उपयोगाचे नसतील ना?”

“तुम्हाला कशाला हवेत?”

“नातवासाठी एक ट्रक मागवला आहे. तुमच्यासारखाच.”

“नातू रांगू लागला का?”

“पुढच्या महिन्यात लागेल,” ते म्हणाले. “टेकडीवर चालवीन म्हणतो. तिथे सोसायटीचा ठराव लागू नाही. किमतीचे काय, ते आपण सावकाश ठरवू.”

“सीमाशुल्क धरून,” मी म्हणालो.